दुखत नसलेलं पोट

टेंभुर्णीच्या स्टँडवरून निघाले त्या सकाळी माझ्या पोटात आदल्या दुपारपासून काही नव्हतं. पोट रिकामं असलं की रस्त्यात त्रास कमी होतो, एवढं मला तोवर कळलं होतं. माय पहाटेच उठून दशम्या करत बसली होती. मी त्या खाणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी डबा पिशवीत कोंबलाच. जालन्याची एस.टी. लागली तसे अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या आधी गाडीत चढले आणि कंडक्टरला म्हणाले, "पोरीची तब्येत नाजूक हाय. मधी लागलंच तर गाडी थांबवा बरं का जराशी." सगळ्या गाडीनं वळून माझ्याकडं बघितलं. गाव सुटतंय म्हणून रडू आलंच नाही. कधी एकदा गाडी हलते, असं झालं होतं.

गावात सांगितलं होतं की ज्योतीला पुण्यात नोकरी लागली. ते खोटं नव्हतं. एका कंपनीच्या पगार विभागात मला घेतलं होतं. पण तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखेच उठून कुठंकुठं गेलात, त्या सगळ्यांना आता सांगायला हरकत नाही. मी नोकरीसाठी जेवढं गाव सोडलं, त्याहून जास्त संडासासाठी सोडलं. आमचा संडास परसाच्या पार टोकाला, चुलत्यांच्या घरात आणि आमच्यात मिळून एकच. मला दिवसभर पळत जावं लागायचं, आणि दर खेपेला रक्त. समोरच्या ओट्यावरच्या बाया गप्पा थांबवून बघायच्या.

पहिलं वर्ष मूळव्याध समजून औषधं खाण्यात गेलं. शेवटी जालन्याच्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि आजाराचं नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. औषधानं दबतो, पण जन्मभर सोबत राहतो. माझं लग्नाचं वय होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच माय म्हणाली, "बाहेर कुणापाशी बोलू नको. कुणी इचारलंच तर पित्त म्हण."

हडपसरला मिळालेल्या खोलीत खिडकी धड नव्हती, पण बाथरूम आत होतं आणि त्याला आतून कडी होती. पहिल्या दिवशी मी ती कडी लावून नुसतीच बसून राहिले. पुढं औषधं लागू पडली. रक्त थांबलं, वजन भरलं. ऑफिसातल्या मुली माझ्या 'जल्दी' आणि 'खर्चा'ला हसायच्या, म्हणून मी 'लवकर' म्हणायला शिकले. त्याच सुमारास 'फ्लेअर' म्हणजे आजार उसळणं आणि 'रिमिशन' म्हणजे तो शांत असणं, हेही शब्द तोंडात बसले. पुणे ते जालना रस्त्यावरच्या कुठल्या धाब्याचा संडास स्वच्छ असतो, ते मला आजही पाठ आहे. अंबडच्या मिलिंदचं स्थळ आलं तेव्हा घरच्यांना न विचारता मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग खायला काय चालतं अन् काय न्हाई, तेवढं सांगून ठेव." आमचं लग्न झालं.

आजार सुरू होऊन आठेक वर्षं झाल्यावर पुण्याच्या डॉक्टरबाईंनी नवीन गोष्ट काढली. म्हणाल्या, आता तुला बरं वाटत असलं तरी ठरावीक काळानं दुर्बिणीची तपासणी करावीच लागेल. "ज्या आतड्यानं इतकी वर्षं सूज सोसली, त्यात कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सुरुवातीला तो दुखत नाही, कळत नाही. आपण बघायला गेलो तरच सापडतो. पेशी नुसत्या बदलायला लागल्या असतील, तेव्हाच तो मला पकडायचाय."

तेव्हापासून आमच्या घरात दिवाळीसारखी तपासणीही येऊ लागली. आदल्या दिवशी नुसतं पातळ खायचं, संध्याकाळपासून लिंबाच्या चवीचं ते खारट औषध भांडंभर प्यायचं आणि आतडं धुऊन निघेपर्यंत बाथरूममधून हलायचं नाही. मिलिंद दाराबाहेर खुर्ची टाकून बातम्या वाचून दाखवायचा. नंतर आतड्यातून काढलेल्या तुकड्यांच्या रिपोर्टची वाट. रिपोर्ट चांगला आला तरी आनंद व्हायचा नाही, पुढच्या वेळेपर्यंत सुटका झाल्यासारखं वाटायचं फक्त. फोनवर अण्णांचं एकच. "दुखून राह्यलं का? न्हाई ना? मंग कशाला दरसाल नळी घालून घेती?" त्यांना समजावून सांगायला मी दोनदा-तीनदा बसले. पुढं 'हो, हो' म्हणून विषय बदलायला लागले.

मागच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी आत निळा रंग फवारला. त्यानं आतड्यावरचे बदललेले भाग उठून दिसतात. रिपोर्ट घ्यायला गेलो तर त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. एकापेक्षा जास्त ठिकाणी पेशी बऱ्याच बदलल्या होत्या. तेवढेच भाग काढून भागणार नव्हतं, कारण उरलेल्या आतड्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. सगळं मोठं आतडं काढावं लागणार होतं.

तिथून मी सरळ ऑफिसला गेले. महिनाअखेर होती. पोट गेल्या कित्येक वर्षांत नव्हतं इतकं शांत होतं. दुपारी डब्यातलं वरण-भात नीट जेवले आणि जेवताना मनात आलं, हेच आतडं मी कापायला देणार आहे. मैत्रिणीनं विचारलं, "आज दमल्यासारखी दिसतेस?" मी हो म्हटलं. त्याहून जास्त सांगायला अंगात जोर नव्हता.

अण्णा आणि माय पुण्याला आले. मान्य करण्याआधी अण्णांनी डॉक्टरबाईंना भेटायचा हट्ट धरला. टोपी मांडीवर ठेवून त्यांच्यासमोर बसले.

"बाई, माणूस दुखतंय म्हणून दवाखान्यात येतं. हिचं तर काहीच दुखत न्हाई."

"म्हणूनच आत्ता करायचं, काका. दुखेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो."

"पण बिलकुलच थांबता येणार न्हाई का? एखादं साल?"

"थांबायचं की नाही, ते ज्योतीनं ठरवायचंय," बाई म्हणाल्या. "पण एक साल गेल्यावर मी तुमच्याशी इतक्या शांतपणे बोलू शकेन, असं मला वाटत नाही."

अण्णा माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "अण्णा, मी त्यांना कालच हो सांगितलंय." त्यांनी टोपी घातली, पुन्हा काढली. मग एवढंच म्हणाले, "बराबर हाय. पोट तुझं हाय."

ऑपरेशन झालं. काढलेल्या आतड्याची तपासणी झाली तेव्हा एका जागी कॅन्सर सुरू झालेला निघाला. अगदी लहान होता, आतड्याच्या भिंतीपलीकडं गेला नव्हता, आसपासच्या लसीकाग्रंथी साफ होत्या. केमोची गरज पडली नाही. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "वेळेत सापडला." मिलिंद कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडला. मला झोप येत होती.

पुढचे काही महिने पोटावर पिशवी होती. मळ तिच्यात यायचा. ती रिकामी करायची, धुवायची, बदलायची, कातडी सोलली की पावडर लावायची. नंतर दुसऱ्या ऑपरेशनात लहान आतड्याचीच आत थैली करून जोडली आणि पिशवी सुटली. लोक म्हणतात, जिंकलीस. मला तसं वाटत नाही. दिवसातून बऱ्याच वेळा जावं लागतं, दुपारनंतर अंग गळतं, आणि त्या थैलीचीही दरवर्षी दुर्बिणीनं तपासणी असतेच. पण मी आहे. चाळिशीच्या आत मरण्याचा जो रस्ता होता, तो माझ्या पायाखाली आला होता आणि मी त्यावरून उतरले, हे मला कळतं.

पिशवी असतानाच एकदा टेंभुर्णीला गेले. दुपारी शेजारच्या कौसल्याकाकू आल्या. त्यांच्या सुनेला बरेच दिवस रक्त पडत होतं, मूळव्याधीचा पाला चालू होता. मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "पाला बंद कर अन् तिला जालन्याला ने. माझ्या पोरीचं आतडं काढलं, कॅन्सर व्हता. दुखत बी नव्हतं तिला." कौसल्याकाकूंनी पदर तोंडाला लावला. मी मायकडं बघत राहिले. ती तांदूळ निवडतच होती. पुढं सुनेला दाखवलं, तर खरोखर मूळव्याधच निघाली. माय फोनवर म्हणाली, "असू दे. बघितलं तर कळलं ना."

परवा पुन्हा जाऊन आले. एकटीच होते, पिशवी नव्हती. सगळे अंगणात जेवायला बसलो होतो. अण्णा, माय, चुलते, चुलती. अर्ध्या जेवणातून मला उठावं लागलं. आत बराच वेळ गेला. बाहेर येताना मनात तयारी चालली होती की आता काय सांगायचं, कुणाकडं बघायचं. कुणी काहीच विचारलं नाही. चुलते सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होते, ते तसेच बोलत राहिले. माझ्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलेलं होतं. अण्णांचं जेवण एरवी माझ्या आधी उरकतं. त्या दिवशी त्यांच्या ताटात अर्धी भाकर तशीच होती. मी खाली बसले, तेव्हा त्यांनी पुढचा तुकडा मोडला.

पुण्यातल्या घरात मिलिंदही असाच थांबतो. घर कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी आता ही दोन्ही सांगते.