गुरम्मा अक्काची पावलं

गुरम्मा अक्का माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी पायांकडे. मंठाळला तिच्या अंगणात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ‘या, बसा’ राहिलं बाजूला, ती म्हणाली, "म्याडम, डावी टाच जास्ती घासायलीय तुमची. कंबर दुखत असंल बघा." कंबर खरंच दुखत होती. मी तपासणी केंद्रातून साखरेच्या रोग्यांचे पाय बघत गावोगाव फिरायचे, आणि इथे आल्या आल्या माझीच तपासणी झाली.

तिची साखर जुनी होती. मी तळव्याला नायलॉनची काडी टोचत होते आणि ती खुशाल सुनेला, नागम्माला, चहात आलं घालायला सांगत होती. "पाय रुसलेत माझे," ती हसून म्हणाली. "काटा घुसला तरी सांगत न्हाईत." मला हसू आलं नाही. अशा पायातली जखम गुपचूप आत जाते, आणि कळेपर्यंत पाय कापायची वेळ आलेली असते.

म्हणून तिला ते नवे बूट दिले. त्यांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक तारा होत्या, त्यांतून उजेड फिरायचा. पावलाचा दाब पडला की उजेड मंद व्हायचा आणि घोट्याजवळची डबी ते माझ्या मोबाईलवर कळवायची. दाब नीट असला तर हिरवी खूण, एकाच जागी साचायला लागला की लाल.

"रानातसुद्धा घालायचे," मी बजावलं.

"रानात? आईच्या अंगावर पायताण घालून चालायलाव व्हय आपण?" त्या घरातलं प्रत्येक माणूस बांधावर चपला काढूनच शेतात उतरायचं. वाद नको म्हणून मी थट्टेवारी नेलं. म्हटलं, "रोज पावलं दिसली नाहीत तर वरच्या साहेबांकडून मला बोलणी बसतात हं, अक्का."

तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. "तुमाला कामून बोलणी बसू देऊ?"

पहिल्या आठवड्यात उजव्या अंगठ्याखाली लाल खूण आली. मी फोन करून केंद्रात बोलावलं. "तूर काढायला आलीय, म्याडम. आठ दिसांनी येते," ती म्हणाली. ती आली नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून खुणा हिरव्या झाल्या. रोज भरपूर पावलं, दाब अगदी बेताचा. केंद्रात मी तो आलेख सगळ्यांना दाखवत सुटले. दर आठवड्याला मंठाळला जाऊन पाय बघायचं ठरलं होतं. पण लाल खुणा दुसऱ्या गावांत होत्या, मी तिकडे धावत राहिले. एवढं हिरवं खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी तिच्या मुलाचा, शिवराजचा, फोन आला. "म्याडम, अव्वाला गुलबर्ग्याला आणलंय. तीन दिस झाले, ताप उतरंना. पाय काळा पडलाय. आज कापायलेत."

मी मोबाईल उघडला. खूण हिरवी होती. माझ्या डोळ्यांदेखत आकडा वाढत होता. अक्का चालत होती.

तशीच स्कूटर काढून मंठाळ गाठलं. नागम्मा गोठ्यापासून उंबऱ्यापर्यंत फेऱ्या मारत होती. पायात अक्काचे बूट. मला बघून ती जागीच थिजली.

"आत्याबाई रानात जाताना माझ्या पायात घालून जायच्या," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुरीचा खुंट घुसला, त्यांना कळलंच न्हाई. वास सुटल्यावर बघितलं. दवाखान्यात जातानाबी सांगून गेल्या, पावलं बंद करू नको, म्याडमला बोलणी बसतील."

मी खाली बसले आणि तिच्या पायांतले बूट काढले. स्वच्छ, धडधाकट तळवे. कुठे ओरखडासुद्धा नाही. यंत्राने सहा आठवडे एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं.

दुपारी अक्का गेली. बूट दिल्यापासून तिचा पाय मी एकदाही हातात घेऊन बघितला नव्हता.