बडेबाबू आणि वेगळी चूल

जगात दोन प्रकारची माणसं असतात असं मानणारे लोक मी पुष्कळ पाहिले. पण जगात पाच प्रकारची माणसं असतात आणि ते प्रकार शालेय शिक्षण विभागाने ठरवून दिलेले आहेत, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या मिशन शाळेचे हेडक्लार्क. सारं गाव त्यांना बडेबाबू म्हणत असे. अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित हे पाच खण त्यांच्या डोक्यात कायम उघडे असत, आणि समोर येईल ते उचलून ते त्यांतल्या एका खणात टाकत. स्टँडवरच्या हॉटेलात एखाद्या पुढाऱ्याने चहा पाजला की हळूच म्हणत, "हा अनुदानित चहा हाय. आता पिऊन घेऊ, अटी मागून येतील." लग्नानंतर वेगळं बिऱ्हाड केलेला, पण जेवायला आईकडेच येणारा पुतण्या अंशतः अनुदानित. शाळेच्या आवारात स्वतःच्या हिमतीवर जगणारं तांबडं मांजर कायम विनाअनुदानित. आपल्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, ते 'व्यवस्थापन' म्हणत. कुणी जेवायला बोलावलं की, "व्यवस्थापनाची मान्यता घेऊन कळवतो," असं उत्तर मिळे. त्यावर आतून काकूंचा आवाज येई, "व्यवस्थापन म्हणतंय, आधी दळण आणा!"

त्यांच्या ऑफिसात टेबलामागे एक मोठा कागद चिकटवलेला होता. त्यावर चार रंगांच्या शाईने राज्यातल्या शाळांची वंशावळ काढलेली होती. नवा माणूस आला की बडेबाबू फूटपट्टी घेऊन उभे राहत, आणि मग त्यांच्या अंगात काहीतरी संचारत असे. चष्मा नाकावर घसरे, आवाज वर चढे. "ही जिल्हा परिषदेची शाळा, सरकारचं घरातलं पोर. ही स्वयंअर्थसहाय्यित, शेजारचं पोर, नुसतं दारातून नमस्कार करतं. ही खाजगी अनुदानित, एकत्र कुटुंबातली सून, घरातलं सगळं ऐकावं लागतं. आणि ही आपली!" इथे फूटपट्टी कागदावर फाडकन आपटे. "अनुदानित, पण अल्पसंख्याक! चर्चची शाळा! वेगळं निघालेलं भावंड. धान्य एकाच कणगीतलं, पण चूल वेगळी! पगार सरकारचा, पुस्तक सरकारचं, परीक्षा सरकारची, तपासायलाबी सरकार येणार, येऊ द्या. पण मुख्याध्यापक कोण, शिक्षक कोण, हे आपली शाळा समिती ठरवणार. घटनेनं दिलंय!" 'घटनेनं' म्हणताना ते इतके ताठ होत की टेबलावरचा पेनस्टँड हमखास पडे.

शाळेचं अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. बीडला सुनावणी असली की तो डबा मांडीवर घेऊन एसटीत बसत. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाबू, डबा वर ठेवा ना, लई गर्दी हाय." बडेबाबू म्हणाले, "याचं तिकीट फाड पाहिजे तर, पण याला वर ठेवायचं न्हाई." कंडक्टर चेष्टेने म्हणाला, "काय, सोनं हाय का?" "सोन्याला एवढे शिक्के असतात का?" असं विचारून बडेबाबू खिडकीबाहेर पाहू लागले.

मी या माणसाला प्रथम भेटले ती त्यांच्या शत्रुपक्षाकडून. नेकनूरकडची आमची शाळा पटसंख्या कमी झाल्याने बंद पडली आणि मी 'अतिरिक्त' ठरले. एखाद्या शिक्षिकेला हा शब्द कसा लागतो ते लिहून सांगता येणार नाही. त्याआधीही मला दोनदा या शाळेतून त्या शाळेत ढकललं गेलं होतं. या वेळी हातात जिल्हा परिषदेचा आदेश पडला तो या मिशन शाळेचा. सात दिवसांत रुजू व्हा, नाहीतर नोकरी सोडली असं समजू.

मी पहिल्या दिवशी सकाळीच हजर झाले. बडेबाबूंनी आदेश वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आली! बघा, चूक आली!" ते जवळजवळ ओरडले. "बाई, तुमच्याविरुद्ध काई न्हाई. पण सरकारला आमच्यावर माणूस लादता येत न्हाई. आदेश चुकीच्या दारात आलाय." मी म्हणाले, "मग मी कुठं जाऊ?" या प्रश्नाचं उत्तर वंशावळीत नव्हतं. ते उठले. मग मला बाहेरच्या बाकावर बसवून म्हणाले, "चहा घ्या. विनाअनुदानित हाय, अट काई न्हाई."

चार दिवस मी त्या बाकावर बसले. घरी म्हातारी आई होती आणि माझ्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं. बडेबाबू आत टाइप करत, दर तासाला बाहेर येऊन मला कायदा समजावत आणि प्रत्येक वेळी मला थोडं अधिक रडू येई. दुपारी काकू डबा घेऊन येत. चौथ्या दिवशी त्यांनी तो डबा नवऱ्याच्या टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिला आणि दारातूनच म्हणाल्या, "चूल वेगळी, चूल वेगळी करता. दारात बसलेल्या माणसाला भाकर न्हाई, तर ती चूल काय जाळायची?"

बडेबाबू उपाशी होते म्हणून की काय, पण अर्ध्या तासाने ते वाऱ्यासारखे बाहेर आले. "बाई! सापडलं! त्यांना पाठवता येत न्हाई. पण आपल्याला बोलावता येतं!"

आणि मग जी धावपळ सुरू झाली! आधी जिल्हा परिषदेला पत्र गेलं: सदर शिक्षिकेस आपल्या आदेशान्वये रुजू करून घेता येत नाही. त्यावर जावक क्रमांक पडला. मग शाळा समितीची बैठक लावली. अध्यक्ष, म्हणजे चर्चचे पाळकसाहेब, तयार होते, पण एक सभासद कमी पडत होता. तो परळीच्या औष्णिक वीज केंद्रात ड्युटीवर. सातव्या दिवशी सकाळी बडेबाबू स्कूटर काढून स्वतः परळीला गेले आणि दुपारी त्याला मागे बसवून परतले तेव्हा दोघेही तिथल्या राखेने पांढरे झाले होते, नुसते डोळे दिसत होते. पाळकसाहेब म्हणाले, "अहो, तोंड तरी धुवा!" "गणपूर्ती झाली, साहेब. तोंडाचं नंतर बघू. लिहा ठराव!" ठराव झाला: संस्थेने स्वतःच्या इच्छेने सदर शिक्षिकेस निवडले आहे. बाई तीच, दार तेच, खुर्ची तीच. पण बडेबाबूंच्या लेखी सकाळची मी आणि दुपारची मी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

शाळा सुटायला दहा मिनिटं होती. हजेरीपट पुढे करून त्यांनी एकदम हात मागे घेतला. "थांबा. एक राहिलं. संस्थेला तुम्ही पाहिजेत. तुमाला संस्था पाहिजे का?" इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. मग सही केली. त्यांनी पेनस्टँड पाडला.

गेल्या महिन्यात बडेबाबू गेले. निवृत्तीनंतरही रोज वंशावळीवर नव्या परिपत्रकांच्या दुरुस्त्या करायला ते येत. दफनभूमीत सारी मंडळी जमली होती. प्रार्थना संपली, एकेक जण पुढे होऊन माती टाकू लागला. मी फाटकाशीच थांबले. आम्ही बौद्ध. कुठल्या नात्याने पुढे जावं, जावं की नाही, मला कळेना. काकूंनी मान वर करून गर्दीत शोधलं आणि मला पाहिलं.

"उभी कावून हायस तिथं?" त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "ये इकडं. तुला कुणी पाठवलेलं न्हाई. तुला बोलावलंय."

मी आत गेले. मूठभर माती सोडताना मनात आलं, बडेबाबूंनी या बोलावण्याचीही एक प्रत फायलीला लावली असती.