ताईच्या बागेपर्यंत वायर: पांढुर्णा आणि सौंसरचे तीन दिवस

फेब्रुवारी लागला की ताईचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बहार फुटला असेल ना गं?"

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. सौंसरच्या शाळेत तिनं तीस वर्षं शिकवलं. बोरगावच्या बाजूला दोन एकर संत्री लावली, बागेत एक खोपडी, म्हणजे झोपडी, उभी केली. चार वर्षांपूर्वी फुप्फुसं थकली, तेव्हा ती नागपूरला भाच्याकडे राहायला गेली. आता रात्री श्वासाचं यंत्र लावल्याशिवाय तिला झोपायची परवानगी नाही. म्हणजे रात्रभर वीज असेल तिथेच मुक्काम. दिवसा बागेत जाऊन येता येतं, पण ताईला हवी होती पहाट. दवामुळे फुलांचा वास जड होतो, खाली येऊन झाडांमध्ये थांबतो, असं ती सांगते. "दुपारचा वास म्हणजे उरलेला."

माझ्याकडे एक जुनी स्कूल व्हॅन आहे, आत दोन पलंग आणि छोटा ओटा करून घेतलेली. छतावरच्या सोलरवर दिवा आणि पंखा चालतो, रात्रभर यंत्र चालत नाही. यंदा मी ठरवलं, गाडीला बाहेरून घरची वीज घेता येईल असं करायचं आणि ताईला बागेत झोपवायचं. पुण्याहून निघून नागपूरला ताईला घेतलं आणि सकाळी सहाला सावनेरच्या रस्त्याला लागलो. रस्ता उत्तम आहे. दोन-अडीच तासांत पांढुर्णा. तर्री-पोहे तिथंच खा. ताईनं डॉक्टरांचं नाव घेत घेत दुसरी प्लेट मागवली.

नदीच्या अलीकडे मिलिंदभाऊंचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पलीकडे सावरगाव. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"मॅडम, गाडीले करंट देणं म्हणजे घरासारखं नाही ना. हे रबराच्या टायरवर उभी रायते. बॉडीत करंट उतरला त जाईन कुठं? तुमच्याच अंगातून!"

"मग देणार नाहीस म्हणतोस?" ताई म्हणाली.

"देतो ना बाई. देऊन राहिलो. पण माह्या पद्धतीनं."

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी: गाडीच्या कुशीला झाकण असलेला सॉकेट बसतो, बाहेरून येणारी वायर त्यात लागते. आत एका डबीत दोन स्विच. एक जास्त भार आला तर पडतो, दुसरा वीज कुठे गळायला लागली की क्षणात तोडतो. हा दुसरा टाळून पैसे वाचवू नका. वायर तीन तारांची, शंभर फूट. वापरताना ती पूर्ण उलगडायची, वेटोळं ठेवलं तर तापते. मजुरीसकट साडेअकरा हजार झाले. स्वतः करायला जाऊ नका.

निघताना मिलिंदभाऊंनी माझ्या हातात टेस्टर दिला. "प्लग लावला की पहिले हे दाराच्या मुठीले लावाचं. पायात चप्पल पायजे. बागेत लाइट आहे ना?"

"तीस वर्षं बल्ब जळतो आहे माझ्या खोपडीत," ताई शाळेतल्या आवाजात म्हणाली.

रात्र पांढुर्ण्याच्या लॉजवर यंत्र लावून काढली आणि दुसऱ्या दिवशी सौंसरमार्गे बागेत पोचलो. झाडं पांढरी झाली होती. ताई गाडीतून उतरली आणि पहिल्या झाडाच्या खोडावर हात ठेवून उभी राहिली. मी वायर उलगडली, खोपडीत प्लग लावला. आत दिवे लागले. मग मुठीला टेस्टर लावला, तर तोही लागला.

मी मिलिंदभाऊंना फोन केला.

"पहिले प्लग काढा. मग बोला."

काढला. खोपडीतला बल्ब कसा जोडला आहे, ते त्यांनी विचारलं. मी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "एक तार पंपाच्या लायनीतून, दुसरी त्या जमिनीतल्या सळईला. सगळ्यांच्याच बागेत तसंच आहे."

मिलिंदभाऊंनी फोनवर समजावून सांगितलं. पंपाच्या लायनीत परतीची तार नसते, म्हणून इथले लोक जमिनीलाच परतीची तार करतात. एका बल्बाला ते चालून जातं. गाडीचा भार आला की तीच सळई आणि तिला जोडलेली गाडी, दोन्ही जिवंत होतात.

ताई खोपडीच्या पायरीवर बसली. "चल, परत जाऊ," म्हणाली. "मुलांना विज्ञान शिकवलं मी, आणि माझ्याच बागेत हे." तिच्या आवाजातला राग मला सोसला असता, पण राग नव्हताच.

एवढ्यात बांधापलीकडून शेवंताबाई आल्या. ताईची बाग त्याच सांभाळतात. त्यांच्या घरी मीटरची नीट वीज आहे.

"बाई, परत काहून जाता? माह्या घरून घ्या ना वायर!"

दोन तासांत मिलिंदभाऊ मोटरसायकलवर आले. मागे लोखंडी पाइप, कोळसा आणि मिठाचं पोतं. ताईच्या शेवटच्या ओळीजवळ कमरेइतका खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वरून पाणी ओतलं. गाडीत करंट उतरलाच तर तो जमिनीत जावा, म्हणून ही वेगळी अर्थिंग.

"एवढं मीठ त माह्या वर्षाच्या लोणच्याले नाही लागत," शेवंताबाई म्हणाल्या. मग घरापासून गाडीपर्यंत लोंबणारी वायर पाहून, "सलाइनच लावली म्हणा गाडीले!"

ताई हसली. टेस्टर लागला नाही. मिलिंदभाऊंनी डबीवरचं चाचणीचं बटण दाबलं, टक्कन वीज तुटली, पुन्हा जोडली. संध्याकाळी गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन आम्ही झोपलो. यंत्र एका लयीत चालत राहिलं.

पाचला मला जाग आली. दार सरकवलं आणि वास आत आला. मी ताईकडे वळले. यंत्राच्या मास्कखाली तिचा चेहरा इतका सैल, इतका निवांत मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. भाचा सांगतो, घरी ती रात्रीतून चारदा उठून बसते. तिला उठवायला मी हात पुढे केला. ताईनंच मला नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, वसतिगृहात घातलं होतं. तिथं पहाटे सिस्टर पितळी घंटा वाजवत, आणि झोपेतून ओढून काढलेल्या त्या सकाळी मी ताईच्या आठवणीनं रडत असे. माझा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला नाही. पाच मिनिटं अजून, म्हटलं. मग आणखी पाच.

ती उठली तेव्हा साडेआठ वाजले होते. ऊन पसरलं होतं, मधमाश्या कामाला लागल्या होत्या.

"उठवलं का नाहीस?"

मी यंत्राची नळी गुंडाळू लागले. तिनं बाहेरचं ऊन पाहिलं. मग म्हणाली, "झोप मात्र छान लागली गं." त्या दिवशी मला ताईला नागपूरला सोडून पुण्याला निघायचं होतं, यंत्रात घालायचं पाणीही दोनच रात्रींपुरतं आणलं होतं. दुसरी पहाट नव्हती.

पुण्याला येऊन महिना झाला. मी बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. बहार गळून झाडांवर मोहरीएवढी फळं धरली आहेत, असं शेवंताबाई कळवतात. ताईचा फोन रोज रात्री येतो, यंत्र लावण्याआधी.

"सांग ना, कसा होता वास?"

मी प्रयत्न करते. रोज वेगळं काहीतरी सांगते. ती ऐकून घेते आणि म्हणते, "नाही गं. तसा नसतो." मग स्वतःच सांगू लागते, आणि मी दिवा न लावता ऐकत बसते.