ओसरीवरचा कॅमेरा

ओसरीवर कॅमेरा आला तो हळदीच्या निमित्तानं. शिजवलेली हळद अंगणात वाळत घातली की राखणीला माणूस लागतं, अन् घरात माणूस म्हणजे मी एकटी. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, लेक पुण्याला कंपनीत. होळीला आला, तुळईला कॅमेरा ठोकला, नेटचा डबा बसवला अन् म्हणाला, आई, आता निवांत झोप, मी तिकडून बघतो. आमच्या शिरड शहापुरात एवढ्या दुरून राखण करणारा हा पहिलाच गडी म्हणायचा.

तोवर त्याचा रोज फोन यायचा. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला की लावायचा. बोलणं तरी काय, काहीच न्हाई. म्हैस दूध किती देते, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, असलंच. मी उगाच त्याच्यावर डाफरायची, तो हसायचा. पण त्या फोनच्या आशेवर माझा दिवस निघायचा, खोटं कशाला बोलू?

कॅमेऱ्याचे पहिले दिवस मजेत गेले. एकदा चष्मा सापडेना म्हणून मी ओसरीभर फिरत होते, तर कॅमेऱ्यातूनच लेकाचा आवाज आला की पोत्यावर बघ. पोत्यावरच होता. मला असलं कौतुक वाटलं, चार बायांना सांगत सुटले. पुढं फोन एक दिवसाआड झाला, मग आठवड्यानं, मग मीच लावायला लागले. तर म्हणतो कसा, "अगं, दिसून राहिलीस की. सकाळी पापड घातले, दुपारी जरा आडवी झालीस. तब्येत बराबर हाय तुझी." त्याच्या मोबाइलवर म्हणे कॅमेऱ्याची कंपनी कळवत असते, दारात माणूस दिसला म्हणून. तो माणूस म्हणजे मीच. अन् जे डोळ्यांनी दिसतंय त्याची फोन करून चौकशी कशाला करायची?

त्यात बायाही तुटल्या. रोज दुपारी डाळ निवडायला ओसरीवर यायच्या, हातासोबत तोंड चालायचं, सुनांची उणीदुणी निघायची. कॅमेऱ्यापुढं कोण बोलतंय? एकीनं पदर सारखा करत वर बघितलं अन् म्हणाली, तुमचा लेक बघून राहिला, आमी उगं कशाला? दुसऱ्या दिवशीपासून बैठक तिच्या घरी भरायला लागली. मीही एकदा जाऊन बसले तिथं. परत आले तर मोबाइलवर लेकाची दोन अक्षरं, कुठं गेलतीस? म्हणजे नजरेआड झाले की मी आठवते तर त्याला.

डोकं सणकलं माझं. स्टुलावर चढले अन् जुना टॉवेल घालून कॅमेरा पार झाकून टाकला. म्हणलं, आता बघ. आई दिसंना म्हणल्यावर घाबरून फोन करील. मोबाइल चार्जिंगला लावला, आवाज मोठा केला, म्हशीपाशी गेले तरी कमरेला खोचलेला. संध्याकाळ झाली, त्याच्या बसची वेळ निघून गेली. भाकरी टाकावीशी वाटली न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळीही काही न्हाई. मोबाइल बिघडला असेल म्हणून दोनदा बंद करून चालू केला.

दुपारी शेजारचे भाऊजी शिडी घेऊन हजर. लेकानं त्यांना फोन केला होता, आईच्या घरचा कॅमेरा बंद पडलाय, जरा बघून या. भाऊजी शिडीवर चढले, टॉवेल काढला, माझ्याकडं बघितलं. समजलं त्यांना. तेवढ्यात वरून आवाज आला, "हां काका, दिसून राहिलं आता. बरं झालं." किती दिवसांनी त्याचा आवाज माझ्या घरात ऐकत होते, अन् तो बोलत होता काकांशी.

मी भाऊजींना विचारलं, माझा नंबर न्हाई का त्याच्यापाशी? ते खाली मान घालून शिडी आवरत म्हणाले, "वहिनी, तुमाला तकलीफ नको म्हणून मला लावला त्यानं."

"त्याला सांगा," मी म्हणले, "दे म्हणावं मला तकलीफ. दुसरं कशासाठी जिती हाय मी?"

भाऊजींनी वर बघून त्याला हाक मारली, दोनदा मारली. तिकडून आवाज केव्हाच बंद केलेला होता. आमचं नुसतं चित्र जात होतं.