पहिलं ‘बस’

रायसिंगचं नाव निघालं की हेमकांत अजूनही उठून गोठ्याकडे जातो. तिथं काम काहीच नसतं. गव्हाणीत हात घालून उगाच वैरण वरखाली करायची आणि विषय बदलला असेल अशा बेतानं परत यायचं. लाज वाटणारा माणूस कसा चालतो ते पाहायचं असेल, तर हेमकांतला गोठ्याकडे जाताना पाहावं.

एके काळी मात्र हाच गडी ताठ मानेनं चालायचा. तापीकाठी सारंगखेड्याच्या अलीकडे त्याची केळी आणि दादर ज्वारी. बापानं, चुनीलालनं, त्याला नंदुरबारला कॉलेजात घातलं. तिथून त्यानं पदवी आणली आणि सोबत एक व्यसन आणलं. दारूचं नव्हे, बाप तेवढ्यावरच समाधानी होता. व्यसन होतं कंप्युटरवरच्या राज्यांच्या खेळाचं. आपलं एक राज्य, समोर कंप्युटरची राज्यं. कुणाकडे लाकूड जास्त, कुणाकडे लोखंड, कुणाचं धान्याचं कोठार रिकामं. लढाईत हेमकांतला रस नव्हता. त्याचा जीव अडकायचा तो बाजाराच्या खिडकीत, म्हणजे लाकूड देऊन लोखंड घ्यायचं, धान्य देऊन घोडे घ्यायचे, त्या सौद्यांत.

पडद्यावरच्या त्या राजांची नाडी त्यानं बरोबर ओळखली होती. समोरच्याचं काय संपलंय ते आधी पाहायचं. त्यानं हात पुढे केला की पहिल्यांदा नाहीच म्हणायचं. त्याला थोडं उपाशी राहू द्यायचं. मग तो स्वतःच कमी मागतो. आणि एकदा त्याच्या तोंडून ‘मान्य’ निघालं की खिडकी लगेच बंद करायची, विचार बदलायला त्याला सवड द्यायची नाही. गंमत अशी की एवढा नागवला गेलेला राजा पुढच्या फेरीत पुन्हा हसत दारात उभा. राग नाही, आठवण नाही. हेमकांत बायकोला, मोहिनीला, हे रंगवून सांगायचा आणि ती भाकरी थापता थापता हूं हूं करायची.

आता रायसिंग कोण ते सांगतो. तळोद्याहून जीपनं वर डोंगरात गेलं की त्याचा पाडा लागतो. त्याच्या बांधावर बांबूची बेटं आहेत. वैशाखात तापीकाठी वारं सुटतं तेव्हा घडाच्या भारानं केळी मोडते, तिला बांबूचा टेकू लागतो. आणि डोंगरातल्या घराला उन्हाळ्यात ज्वारी लागते. म्हणून चुनीलालच्या काळापासून ठरलेलं होतं. होळी झाली, दादर खळ्यावर आली, की रायसिंग बांबू घेऊन उतरायचा. बांबूच्या एका मोळीला एक टोपली ज्वारी. टोपली रायसिंगनं स्वतः विणलेली, चांगली रुंद. ओतायचं चुनीलालनं आणि ‘बस’ म्हणायचं रायसिंगनं.

यातली मेख अशी की रायसिंग ‘बस’ फार लवकर म्हणायचा. टोपलीचा काठ अजून हातभर दूर असायचा. घेणाऱ्यानं हावरं दिसू नये, अशी त्याच्याकडची रीत. चुनीलाल ते पहिलं ‘बस’ कानाआड करून ओतत राहायचा. टोपलीला शीग लागायची, दाणे घरंगळायला लागायचे, मग रायसिंग हसून त्याचं मनगट धरायचा आणि पुन्हा म्हणायचा, बस. ते खरं ‘बस’. लहानपणी हेमकांत खळ्यावर बसून हे दरवर्षी बघायचा. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं त्याला आज म्हणता येत नाही. हेच त्याचं खरं दुखणं आहे.

चुनीलाल गेला. त्यानंतरच्या होळीला रायसिंग आला तो एकटाच, रिकाम्या हातानं, आधी बोलून घ्यायला. मुलीचं, ममताचं, लग्न ठरलं होतं. वर पावसानं त्याची ज्वारी काळी पडली होती. बांबू हवे तेवढे तोडून ठेवतो, पण यंदा ज्वारी अंमळ लवकर लागेल, असं तो सांगत होता. भोळा माणूस, आपलं कोठार रिकामं आहे हे स्वतःच्या तोंडानं सांगून बसला. हेमकांतच्या डोक्यात खिडकी उघडली.

त्यानं थंडपणे सांगितलं की यंदा केळी दोरीनं बांधायचा विचार आहे, बांबूचं काही खरं नाही. धडधडीत खोटं. दोरी आणलेलीच नव्हती. रायसिंग थोडा वेळ बसला, पाणी प्याला आणि परत डोंगर चढून गेला.

लग्न तोंडावर आलं तेव्हा तो पुन्हा आला, या वेळी बांबू भरूनच. हेमकांतनं मोळ्यांभोवती एक चक्कर मारली आणि दोन मोळ्यांना एक टोपली असा भाव सांगितला. रायसिंगनं होकारार्थी मान डोलावली. मग ओतणं सुरू झालं. काठ हातभर दूर असताना रायसिंग म्हणाला, “बस.”

हेमकांत थांबला.

रायसिंगनं एकदा टोपलीकडे पाहिलं. हसण्यासाठी त्यानं तोंड थोडं उघडलं होतं, मनगट धरायला हात पुढे आला होता, तो त्यानं मागे घेतला. पुढची प्रत्येक टोपली तशीच अर्धी भरली, कारण प्रत्येक वेळी तो आपल्या रीतीनं लवकरच ‘बस’ म्हणत गेला. गडी रीत सोडेना आणि हा संधी सोडेना.

तो गेल्यावर मोहिनी खळं झाडत होती. वर न बघता म्हणाली, “बाबा पैल्ला बसवर थांबेत नही.”

“तोच बस म्हना ना,” हेमकांत म्हणाला. त्या रात्री तो खूश होता.

लग्नाचं निमंत्रण मात्र आलंच. मोहिनीनं हट्ट धरला म्हणून दोघं गेली. मांडवाच्या कडेला रायसिंगची बायको, बेबीबाई, बसली होती आणि पाड्यावरच्या बाया एकेक करून तिच्या पुढ्यात पीठ ओतत होत्या. कुणी तांब्यातून, कुणी पदरातून. ही तुमच्याकडची रीत का, असं हेमकांतनं शेजारी बसलेल्या फत्तेसिंगला विचारलं. हा रायसिंगचा मेहुणा. तो म्हणाला की थोडंफार देतातच, पण यंदा ज्वारी कमी पडली म्हणून घरोघर फिरावं लागलं. रायसिंगनं टोपलीच लहान विणली म्हणे. तो स्वतःच सगळ्यांना सांगत होता, चूक मन्हीच शे.

हेमकांतच्या कानाला आग लागली. जमीन दुभंगली तर बरं, असं म्हणतात ते त्याला त्या मांडवात कळलं. तेवढ्यात रायसिंग स्वतः भाकरी आणि उडदाची डाळ घेऊन आला, आणि त्यानं हेमकांतला पाटावर बसवून चारचौघांत सांगितलं की यांच्या घरच्या ज्वारीवर आमची पोरं वाढली. मग वाढायला लागला.

“बस,” हेमकांत घाईनं म्हणाला.

रायसिंग वाढतच राहिला. “पैल्ला बस कोन आयकस, हेमाभाऊ? तुन्हा बाप बी आयके नही.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर हेमकांतला तो गिळता आला असता. त्यानं मान वर न करता, पाड्यावरच्या घराघरातून आलेली ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

खेळात एक सोय असते. डाव बिघडला तर आधीचा जपून ठेवलेला डाव पुन्हा उघडता येतो. घरी आल्यावर हेमकांतनं तो खेळ उघडलाच नाही. पोतं भरून वर पाठवावं असं शंभरदा मनात आलं, पण काय म्हणून पाठवणार? कबूल करायला तोंड लागतं, आणि त्याचं तोंड तेवढं उघडेना. येत्या होळीला भरून काढू, दोन टोपल्यांना एक मोळी घेऊ, असं तो स्वतःला सांगत राहिला.

होळी आली. रायसिंग बांबू घेऊन आला, तसाच हसतमुख. हेमकांत पळत खळ्यावर गेला आणि ओतायला सूप उचलून थांबला. रायसिंगच्या हातात नवी टोपली होती. खरोखरच लहान. पोरीबाळी फुलं वेचायला नेतात तेवढी.

“मोठी कोठे शे, दादा?” हेमकांतनं विचारलं.

“आते हाईच शे,” आता हीच, एवढंच रायसिंग म्हणाला आणि टोपली पुढे धरली.

हेमकांत ओतत राहिला. टोपली केव्हाच भरली, शीग लागली, दाणे चारी बाजूंनी खळ्यावर सांडू लागले, तरी तो ओततच होता. तो ‘बस’ची वाट पाहत होता, आणि रायसिंग काही बोलत नव्हता. टोपली बाजूला ठेवून तो खाली वाकला, आणि सांडलेले दाणे गोळा करून हेमकांतच्या राशीत परत टाकू लागला.