पहिल्या समीकरणाला कुणी विचारलंच नाही

लव्हर्न ऑस्टबीबाई उत्तर डकोटातल्या हार्लो गावच्या शाळेत एकोणतीस वर्षं आठवीला बीजगणित शिकवत आल्या. दोन समीकरणं, दोन अज्ञात संख्या. आणि उत्तर आलं की दोन्हींत घालून ताळा! पोरं मागून म्हणायची, "बाई चर्चमध्ये प्रार्थनासुद्धा दोनदा म्हणतात. ताळ्यासाठी!" बाईंना ते ऐकू यायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

पण गेली चार वर्षं जिल्ह्याच्या परीक्षेत त्यांचं एकही पोर पास झालं नव्हतं. यंदाही झालं नाही, तर वर्ग बंद. शाळामंडळानं तसं लेखी कळवलं होतं.

परीक्षेला पाचजण बसले. चौघांनी अर्ध्या तासात जवळजवळ कोरे पेपर टाकले आणि पळाले. उरली टेसा हॉफर. सहा गणितांतली पाच बरोबर हवीत. चार बरोबर होती, एक तिनं सोडून दिलं होतं. आता शेवटचं.

३x + २y = १६
x + २y = ८

पहारा देता देता बाई तिच्या मागे थबकल्या. टेसानं वजाबाकी मांडली. उरले दोन x, y उडाले. शाब्बास! मग सोळातून आठ काढायचे, तर पोरीनं मिळवले. चोवीस. म्हणजे x बारा. तो दुसऱ्या समीकरणात घालून तिनं y काढला, उणे दोन.

'ताळा कर गं, बाळ. पहिल्यात कर.' बाईंच्या ओठांवर आलेलं ओठांतच राहिलं.

टेसानं ताळा केला. पुन्हा त्याच दुसऱ्या समीकरणात. बारा उणे चार, आठ. जुळलं! जुळणारच. ज्याच्याकडून y घेतला, ते कशाला नाही म्हणेल? पहिल्यानं सोळाऐवजी बत्तीस सांगून बोंब ठोकली असती.

एक खोकला पुरला असता. रंगमंचावर अडलेल्या नटाला विंगेतून शब्द मिळतो. इथे शब्द देणं म्हणजे लबाडी. बाई खोकल्या नाहीत.

"झालं, बाई! ताळासुद्धा केला."

"पाहिलं मी."

"मग तोंड का असं? हसा की जरा!"

बाई हसल्या.

"पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण येणार तुमच्याकडे," दप्तर खांद्यावर टाकत टेसा म्हणाली. "तिला सांगून ठेवते, बाई दोन्हींत ताळा करा म्हणून डोकं खातात, पण एकातही भागतं!"

दार आपटलं. बाईंनी पाच पेपर लिफाफ्यात घातले, कड जिभेनं ओली केली आणि तळव्यानं दाबून धरली. गोंद केव्हाच वाळला होता. तळवा तसाच राहिला.