लाल डबीच्या मागे, शहापूर ते धसई

“गाडी काढ. ती डबी लोक का घेतात ते मला एकदा डोळ्यांनी बघायचंय,” असं अण्णा चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले आणि आमची सहल ठरली. लोक माळशेजला धबधबे बघायला जातात, माहुलीवर चढतात. मी माझ्या वडिलांना घेऊन शहापूर-मुरबाडला गेले ती तपकिरीची डबी बघायला. हसा, माझी हरकत नाही. नवऱ्यानेही पोट धरून हसून घेतलं होतं.

आधी थोडं घरचं सांगते. कल्याणच्या बाजारात आमचं तंबाखूचं जुनं दुकान आहे आणि मागच्या खोलीत अण्णा स्वतः तपकीर करतात. पानं वाळवायची, कुटायची, दळायची, पातळ कापडातून गाळायची आणि शेवटी केवड्याचं अत्तर. शौकीन मंडळी पार गिरगावातून ही केवडा तपकीर न्यायला येतात, चिमूट नाकाशी नेतात आणि डोळे मिटून बसतात. पण असे शौकीन असून असून किती असणार? बाकी सगळीकडे खपते ती एका मोठ्या कंपनीची लाल डबी. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला. अण्णा तिला ‘विटेची भुकटी’ म्हणायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी तिच्यातली चिमूट घेतली नव्हती, दुकानातही तिला थारा दिला नव्हता.

आणि आता त्याच कंपनीचा एजंट आमच्याकडे खेपा घालत होता. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांची एजन्सी तो अण्णांना द्यायला तयार होता. अट एकच, तपकीर फक्त लाल डबीतलीच विकायची आणि मागची खोली बंद. गंमत म्हणजे हा गृहस्थ स्वतः आला की आधी अण्णांच्या केवड्याला हात घालायचा! मी म्हणत होते, घ्या एजन्सी. दळताना उडणाऱ्या धुळीने अण्णांचा खोकला हटत नाही आणि हाताखाली माणूस टिकत नाही. अण्णांचं म्हणणं, लोक ज्या वस्तूत काय बघतात तेच मला कळत नाही ती मी कुठल्या तोंडाने विकू? आठवड्याभरात उत्तर द्यायचं होतं. एका उत्तरावर खोली राहणार की जाणार ते ठरणार होतं, म्हणून ही सहल. (मी स्वतः तपकीर ओढत नाही. तुम्हीही हे वाचून त्या नादाला लागू नका.)

दिवाळी होऊन गेली होती. या भागात फिरायला हेच दिवस उत्तम, रस्ते कोरडे असतात आणि डोंगर अजून पुरते पिवळे पडलेले नसतात. पडघ्यामार्गे शहापूरला पोचायला आमच्या म्हाताऱ्या मारुतीला दीड तास लागला, त्यात वडापावसाठी थांबलो तेही आलं. आग्रा रोडवर ट्रकांची रांग संपत नाही, तेव्हा सकाळी लवकर निघा. अण्णांनी मांडीवर केवड्याच्या डब्यांची पिशवी घेतली होती आणि मी गिअर बदलला की ते तिच्यावर हात ठेवत होते.

शहापूरच्या बाजारात एका किराणा दुकानात अण्णांनी रीतसर प्रयोगच केला. आलेल्या गिऱ्हाइकापुढे केवड्याची डबी उघडून धरली. त्याने चिमूट घेतली, खूश झाला, “काय वास हाय शेट, एकदम झ्याक!” म्हणाला आणि दुकानदाराकडे वळून लाल डबी मागितली. अण्णांनी विचारलं, “अहो, ही आवडली ना?” तो म्हणाला, “आवडली ना. पन आमाला रोजची पायजे.” अण्णा मला म्हणाले, “स्वस्त आहे म्हणून, दुसरं काय.” पण त्यांच्या स्वतःच्याच म्हणण्यावर त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

जेवून आम्ही आटगाववरून तानसा धरणाकडे वळलो. जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, वालाची भाजी आणि सुकट, तीस रुपयांत पोटाला तडस लागेपर्यंत. तानशाचा रस्ता अरुंद आहे, पण दोन्ही बाजूंना सागाचं दाट रान आहे आणि मधेच झाडांतून पाणी चमकतं. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे नुसतं पाणी बघायचं तर अलीकडेच थांबायचं. तिथे डोक्यावरचे गवताचे भारे उतरवून चार बाया बसल्या होत्या. त्यांच्यात लाल डबी फिरत होती, पण नाकाला नाही, बोटावर घेऊन दाताला लावायला. अण्णांनी लगेच आपली डबी पुढे केली. एकीने हुंगली आणि तोंडाला पदर लावून हसली. “तोंडात अत्तर कोन घालतो, शेट?” बाकीच्याही हसल्या. मीही हसले आणि अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचे फोटो काढायला निघून गेले.

रात्री शहापूरला लॉजवर राहिलो. अडीचशे रुपयांत स्वच्छ चादरी मिळाल्या, गरम पाणी बादलीतून. दुसऱ्या दिवशी किन्हवलीमार्गे सरळगाव आणि तिथून मुरबाड असा बेत होता. या रस्त्याला वाहनं कमी आणि खड्डे भरपूर, पण हाच रस्ता घ्या. वाटेत जागोजागी खळ्यांवर भाताची झोडणी चालली होती, हवेत भुसाची सोनेरी धूळ. एका खळ्यावर आम्ही पाणी मागायला थांबलो. कडेला दगडावर लाल डबी ठेवलेली. झोडणारा माणूस यायचा, एका हातात भाताची पेंढी तशीच धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानेच झाकण उडवायचा, चिमूट ओढून नाक मोकळं करायचा आणि परत कामाला लागायचा. पुन्हा दुसरा यायचा. डबी कुणाची, असं मी विचारलं तर ते एकमेकांकडे बघायला लागले. “कोनाची म्हंजे? खळ्याची!” अण्णा ते झाकण बराच वेळ न्याहाळत होते. आमच्या डबीचं झाकण नक्षीचं आहे, ते उघडायला दोन्ही हात लागतात. “झाकण चांगलं केलंय,” ते गाडीत बसल्यावर म्हणाले. त्यांच्या तोंडून लाल डबीबद्दल निघालेला हा पहिला बरा शब्द.

तरी हुकमाचा एक्का अण्णांनी शेवटासाठी राखून ठेवला होता. धसईजवळच्या एका वाडीतले पांडूदादा हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. वर्षातून दोन-तीनदा कल्याणला यायचे तेव्हा एकदम पाच-सहा केवड्याच्या डब्या घेऊन जायचे. शेतकरी माणूस, पण अण्णांच्या मते जिल्ह्यात त्यांच्याइतकी पारख कुणाला नाही. “खेड्यात चव नाही असं म्हणतो ना तो एजंट? पांडूला विचारू,” असं ते मुरबाडपासून धसईपर्यंत म्हणत होते. धसईच्या बाजारात भाजीचे ढीग, तांदळाची पोती, मुरबाडला जाणाऱ्या एसटीची वाट बघणारी माणसं. एका भाजीवालीला पांडूदादांची वाडी विचारली. तिने आमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “तुमाला ठावं नाय का? गेले ना ते. पाचवा दिस हाय आज.”

अण्णांनी तिच्याकडून वाडीची वाट समजून घेतली. मग म्हणाले, “चल, घरी जाऊन येऊ.”

पांडूदादांचं घर कुडाचं, सारवलेलं. ओटीवर माणसं बसली होती. मधोमध लाल डबी. नवीन माणूस येई, बसे, डबी जवळ ओढे, चिमूट घेई आणि पुढे सरकवी. आम्हीही बसलो. कोरा चहा आला. अण्णांचे डोळे भरून आले होते आणि मित्रासाठी काहीतरी करावं असं त्यांना फार वाटत असणार. त्यांनी पिशवीतून केवड्याची डबी काढली, दोन्ही हातांनी झाकण उघडलं आणि मधोमध ठेवली. सगळ्या ओटीवर केवडा दरवळला.

एकही हात पुढे आला नाही.

कोपऱ्यात बसलेले शेजारचे केरूबाबा हलक्या आवाजात म्हणाले, “शेट, झाका ती. वास हाय तिला. सुतकात नाय चालत.”

अहो, आमच्याही घरी सुतकात अत्तर नाही, गजरा नाही. पण केवड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाला तो वास येतच नाही, त्याच्या लेखी ती नुसती तपकीर. अण्णांचा चेहरा पार उतरला. घाईत झाकण बसेना, शेवटी मी लावून दिलं. मला त्यांचा इतका कळवळा आला की मी त्यांचा हात धरून ठेवला.

तेवढ्यात पांडूदादांची बायको, हौसाबाई, आतून आली. तिच्या हातात दुसरी लाल डबी होती, रंग उडालेली, कडा घासून पांढऱ्या पडलेल्या. “ही त्यांची हाय, कमरेची,” ती म्हणाली. “घ्या शेट.” अण्णांनी एक क्षणही न थांबता चिमूट घेतली आणि ओढली. लाल डबीतली आयुष्यातली पहिली. आणि लगेच अशी दणकून शिंक दिली की ओटीवरचं मांजर पळालं. हौसाबाई रडता रडता हसली. “ते बी असेच शिंकायचे, रोज.”

जरा वेळाने अण्णांनी विचारलं, “वहिनी, मग पांडू माझ्याकडून न्यायचा त्या डब्या कुणासाठी?”

“त्या लगनाच्या हो. वाडीत कोनाच्या घरी लगीन निघालं का हे तिथं एक डबी द्यायचे. नवऱ्याकडचे आले का ती उघडायची. तुमच्या डबीबिगर आमच्यात लगीन नाय होत.” मग हातातल्या डबीकडे बघून म्हणाली, “बाकी सगल्या टायमाला ही.”

निघताना आम्ही ‘येतो’ म्हटलं नाही, सुतकाच्या घरून तसं म्हणत नाहीत. मुरबाडमार्गे कल्याणपर्यंत रस्ता चांगला आहे, पण त्याचं मला काहीच आठवत नाही. अण्णा मधेच म्हणाले, “विटेची भुकटी नाही गं ती. शेतात चालते, दाताला चालते, मयताला चालते. कुणापुढेही धरावी, कुणी नको म्हणत नाही. मला अशी करता आली नसती.” ते मनापासून म्हणत होते. मला तेव्हा वाटलं की खोली आता बंद होणार आणि माझंच म्हणणं खरं झालं तरी मला आनंद झाला नाही.

ठरल्या दिवशी एजंट आला. सवयीने त्याने केवड्यासाठी हात पुढे केला. अण्णांनी त्याच्यापुढे लाल डबी धरली. तो हरखला, त्याला वाटलं काम झालं. अण्णा म्हणाले, “आमचं माणूस गेलंय. तेराव्यापर्यंत केवडा उघडायचा नाही.” बिचाऱ्याने आपल्याच कंपनीची चिमूट घेतली आणि डोळे पुसत बसला. मग अण्णांनी उत्तर दिलं. “एजन्सी नको. लग्नं व्हायची थांबत नाहीत तोवर मागची खोली थांबणार नाही. पण तुमच्या डब्या पाठवा, समोरच्या फळीवर ठेवतो.” मी खोकल्याची आठवण करून दिली, तेव्हा दळण फक्त लग्नसराईपुरतं करायचं कबूल केलं. एवढं ऐकलं हेच पुष्कळ.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात पुन्हा केवडा दरवळला. या सहलीतून मी तानशाचे फोटो आणले, धसईचा तांदूळ आणला. अण्णांनी काय आणलं ते त्यांच्या सदऱ्यात दिसतं. आता दोन्ही खिशांत एकेक डबी असते. कुणी भेटायला आलं की ते आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि मग कुठल्या खिशात हात घालायचा ते ठरवतात.